रोड बाईक

रोड बाईक ही डांबरी किंवा सिमेंटच्या पक्क्या रस्त्यावर वेगाने आणि लांब अंतर कापण्यासाठी बनवलेली सायकल होय. खाली वळवलेले हँडल, अरुंद टायर, हलका सांगाडा आणि एकमेकांना जवळ असलेले अनेक गिअर ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये आहेत. बोलीभाषेत तिला 'रेसिंग सायकल' किंवा 'रेसर' असेही म्हणतात. भारतात अनेक पिढ्या वापरात असलेली, ताठ बसून चालवायची काळी सायकल 'रोडस्टर' या नावाने ओळखली जाते. नावात साम्य असले तरी रोड बाईक हा तिच्याहून वेगळा प्रकार आहे.

रोड बाईकचा विकास शर्यतींसाठी झाला. तथापि ती चालवणाऱ्यांत व्यायाम, भटकंती व दीर्घ पल्ल्याच्या सफरी करणारे हौशी सायकलस्वारही मोठ्या संख्येने असतात. हौशी सायकलस्वाराच्या दृष्टीने सायकलच्या किमतीपेक्षा आणि वजनापेक्षा तीन बाबी अधिक महत्त्वाच्या ठरतात: शरीराला जुळणारे माप, रस्त्याला साजेसे टायर आणि चढाला पुरेसा हलका गिअर. या तीन बाबी चुकल्यास महागडी सायकलही गुडघे, मान व मनगटे दुखण्याचे कारण होऊ शकते.

इतिहास

जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली इंग्लंडमध्ये बनवलेली 'रोव्हर' ही सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी सायकल आजच्या सायकलची पूर्वज मानली जाते. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्यानंतर सायकल शर्यतींचा प्रसार वेगाने झाला. 'युनियन सिक्लिस्त आंतेर्नास्योनाल' अर्थात यूसीआय ही सायकल खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९०० साली स्थापन झाली आणि १९०३ साली पहिली तूर द फ्रान्स ही शर्यत झाली.

साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी डिरेल्युअर ही यंत्रणा विसाव्या शतकाच्या आरंभीच ठाऊक होती. परंतु तूर द फ्रान्समध्ये तिच्या वापरास १९३७ साली मुभा मिळाली. चाक झटपट काढता येणाऱ्या खिट्टीचे पेटंट इटलीच्या तुल्लियो काम्पाञ्ञोलो यांनी १९३० साली घेतले. बुटाला पकडून ठेवणारे आधुनिक पॅडल लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ साली बाजारात आणले. त्याच दशकात जपानच्या शिमानो कंपनीने एका टिचकीत एक गिअर बदलणारी पद्धत रूढ केली व १९९०च्या सुमारास ब्रेकच्या दांड्यातच गिअरची कळ बसवली. त्यामुळे हँडलवरचा हात न काढता गिअर बदलणे शक्य झाले. शर्यतीत वापरायच्या सायकलचे वजन किमान ६.८ किलो असावे, हा यूसीआयचा नियम २००० साली लागू झाला. रस्त्यावरच्या व्यावसायिक शर्यतींत डिस्क ब्रेकला पूर्ण मान्यता २०१८ साली मिळाली.

यांपैकी गिअरची कळ, हवेचे टायर व डिस्क ब्रेक यांचा हौशी सायकलस्वाराला थेट लाभ होतो. याउलट अतिशय कमी वजन, खोलगट रिम किंवा फार खाली वाकून बसण्याची ठेवण या गोष्टी शर्यतीतील काही सेकंदांसाठी घडलेल्या आहेत. शर्यत न खेळणाऱ्याला त्यांचा उपयोग मर्यादित असतो.

प्रकार

शर्यती रोड बाईकमध्ये स्वाराची पाठ बरीच आडवी राहते व सायकल चटकन वळते. एरो प्रकारात नळ्यांचा आकार हवेला कमी विरोध व्हावा असा असतो. एन्ड्युरन्स प्रकारात हँडल तुलनेने उंच व जवळ असते, दोन चाकांमधील अंतर किंचित अधिक असते आणि रुंद टायर बसवण्यास जागा असते. दीर्घ पल्ल्यासाठी व खडबडीत रस्त्यांसाठी हा प्रकार सोयीचा मानला जातो. ग्रॅव्हल प्रकार कच्च्या रस्त्यांवरही चालतो. सरळ हँडलची हायब्रिड सायकल शहरातील रहदारीत सोपी वाटते. मात्र तिच्या हँडलवर हात ठेवण्याच्या जागा कमी असल्याने अनेक तासांच्या प्रवासात मनगटे अवघडतात.

रचना

सांगाडा

सांगाडा म्हणजेच फ्रेम ही सायकलचा आकार व स्वभाव ठरवते. प्रारंभीच्या व मध्यम किमतीच्या रोड बाईकमध्ये बहुधा ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि पुढे कार्बन तंतूंचा फोर्क असतो. पोलाद जड असले तरी टिकाऊ असते आणि वेल्डिंगने दुरुस्त करता येते. टायटॅनियम गंजत नाही, पण महाग असते. कार्बन तंतूंचा सांगाडा सर्वांत हलका बनवता येतो. मात्र त्यावर एका जागी बसलेला जोराचा घाव किंवा अति घट्ट आवळलेला बोल्ट यांमुळे आतील थरांना तडा जाऊ शकतो आणि तो बाहेरून दिसेलच असे नाही. म्हणून अशा सायकलचे बोल्ट त्यांवर छापलेल्या मर्यादेनुसार टॉर्क पान्याने आवळले जातात व मोठ्या पडझडीनंतर सांगाडा जाणकाराकडून तपासून घेतला जातो.

चाके आणि टायर

बहुतेक रोड बाईकची चाके '७००सी' मापाची असतात. त्यांच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६२२ मिमी असतो. २८ × १ १/२ इंच मापाच्या रोडस्टर सायकलमध्ये हाच व्यास ६३५ मिमी असतो. त्यामुळे दिसायला सारखे वाटले तरी एकीचा टायर दुसरीला बसत नाही, आणि लहान गावातील सायकलच्या दुकानात रोड बाईकचा टायर मिळेल याची खात्री नसते. अनेक रोड बाईकच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असतो. पंक्चरच्या दुकानातील नेहमीच्या नळीने तो भरता येत नाही. त्यासाठी पितळेचा लहान जोडतुकडा लागतो.

पूर्वी शर्यतीत २३ मिमी रुंदीचे टायर सर्रास वापरले जात. पुढे २५ व २८ मिमी टायर रूढ झाले. अरुंद व दगडासारखा कडक टायर अधिक वेगवान असतो हा समज खडबडीत रस्त्यावर खरा ठरत नाही. असा टायर प्रत्येक खड्ड्यागणिक सायकल व स्वार यांना वर उचलतो आणि त्यात ऊर्जा वाया जाते. रुंद टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवता येतो. त्याने पकड वाढते, हादरे कमी होतात आणि शरीर उशिरा थकते. सुमारे ७० किलो वजनाच्या स्वारासाठी २५ मिमी टायरमध्ये साधारण ८५ ते ९५ पीएसआय आणि २८ मिमी टायरमध्ये साधारण ७० ते ८० पीएसआय दाब हा आरंभबिंदू धरता येतो. मागच्या चाकावर भार अधिक असल्याने त्यात थोडा जास्त दाब ठेवतात. टायरवर व रिमवर छापलेली कमाल मर्यादा कोणत्याही परिस्थितीत ओलांडली जात नाही. टायर अडकवण्याचा हूक नसलेल्या रिमसाठी ही मर्यादा ५ बार म्हणजे सुमारे ७२ पीएसआय असते.

ब्रेक

रिम ब्रेक हलके असून त्यांची देखभाल सोपी असते. पण पावसात रिम ओली झाल्यावर ते उशिरा पकडतात आणि लांब उतारावर रिम तापते. डिस्क ब्रेक पाण्यात व चिखलात अधिक भरवशाचे ठरतात. तारेने चालणारे डिस्क ब्रेक कोठेही दुरुस्त होऊ शकतात, तर तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये बोटांना कमी जोर लावावा लागतो, परंतु त्यांच्या दुरुस्तीसाठी विशेष साहित्य लागते.

गिअरचे गणित

पुढच्या चेनव्हीलचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते या गुणोत्तरावरून पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते हे कळते. रोड बाईकच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. ५० दात्यांचे चेनव्हील आणि ११ दात्यांचे चक्र या सर्वांत जड गिअरमध्ये एका फेऱ्यात सुमारे ९.५ मीटर अंतर कापले जाते; मिनिटाला ९० फेरे मारल्यास वेग ताशी ५१ किमीपर्यंत जातो. सपाट रस्त्यावर हौशी स्वार या वेगाजवळ क्वचितच पोहोचतो. म्हणून त्याला याहून जड गिअरची गरज नसते.

खरा प्रश्न हलक्या गिअरचा असतो. ६ टक्के चढावर ताशी ८ किमी वेगाने जाणाऱ्या स्वाराचे उदाहरण घेता येईल. शर्यती सायकलींत दीर्घकाळ रूढ असलेल्या ३९ × २५ या गिअरमध्ये त्याला मिनिटाला केवळ ४० फेरे मारता येतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर मोठा जोर येतो. ३४ × २८ गिअरमध्ये तेच फेरे ५२ होतात आणि ३४ × ३४ गिअरमध्ये ६३ होतात. वेग तोच आणि एकूण श्रमही तेच, पण प्रत्येक फेऱ्यातील जोर बराच कमी होतो. त्यामुळे घाट चढणाऱ्या नवख्या स्वारासाठी पुढे ५०/३४ दात्यांची 'कॉम्पॅक्ट' चेनव्हीले आणि मागे ११–३२ किंवा ११–३४ दात्यांची कॅसेट ही जोडी उपयुक्त मानली जाते.

गिअरची एकूण संख्या हा स्वतंत्र मुद्दा आहे. शिमानोच्या क्लॅरिस, सोरा व टियाग्रा या मालिकांमध्ये मागील चक्रांची संख्या अनुक्रमे ८, ९ व १० अशी राहिली आहे. संख्या वाढली की दोन गिअरमधील अंतर कमी होते. पण सर्वांत हलका गिअर किती हलका आहे हे संख्येवरून नव्हे, तर दात्यांवरून ठरते.

वजन आणि हवेचा विरोध

चढावर मुख्य विरोध गुरुत्वाकर्षणाचा असतो. स्वाराचे वजन ७५ किलो आणि सायकल व सामानाचे १० किलो धरल्यास ६ टक्के चढावर ताशी ८ किमी वेगासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १११ वॅट शक्ती लागते. सायकल एक किलोने हलकी केल्यास ही गरज सुमारे १.३ वॅटने घटते. पाच किलोमीटरच्या चढाला या वेगाने सदतीस मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. एक किलो वजन घटवल्याने त्यातून वाचणारा वेळ अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी असतो.

सपाट रस्त्यावर वेग वाढला की मुख्य विरोध हवेचा होतो. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ३० किमीवरून ३६ किमीवर जाण्यासाठी वेगात २० टक्के वाढ होते, पण हवेविरुद्धची शक्ती सुमारे ७३ टक्क्यांनी वाढवावी लागते. हवेला सामोरा जाणारा सर्वांत मोठा पृष्ठभाग सायकलचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. कोपर किंचित वाकवून, खांदे सैल ठेवून बसणे आणि फडफडणारे कपडे टाळणे यांचा लाभ महागड्या रिमपेक्षा आधी मिळतो.

सायकलची निवड

माप

एकाच मापाचा आकडा छापलेल्या दोन कंपन्यांच्या सायकली प्रत्यक्षात लहान-मोठ्या असू शकतात. म्हणून तुलनेसाठी 'स्टॅक' व 'रीच' ही दोन मापे पाहिली जातात. पॅडलच्या आसाच्या मध्यापासून हँडलखालील नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि त्याच दोन बिंदूंमधील आडवे अंतर म्हणजे रीच. कमरेतून फारसे वाकता न येणाऱ्या व्यक्तीला अधिक स्टॅक व कमी रीच असलेली सायकल सुखावह ठरते.

सीटची उंची, सीटचा पुढेमागेपणा व हँडलला धरणाऱ्या स्टेमची लांबी यांत बदल करता येतो. परंतु मुळात चुकीच्या मापाचा सांगाडा अशा फेरफारांनी पुरता सुधारत नाही. सवलतीत मिळते म्हणून एक माप मोठी सायकल घेणे ही नवख्यांची वारंवार होणारी चूक आहे. हँडलची रुंदी सर्वसाधारणपणे खांद्यांच्या रुंदीइतकी असावी लागते. कमी उंचीच्या व्यक्तींच्या बाबतीत क्रँकची लांबी व ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटे पोहोचतात की नाही हेही पाहिले जाते.

खर्चाचा क्रम

खरेदीच्या रकमेतून हेल्मेट, पुढचा व मागचा दिवा, पंप, जादा ट्यूब, गादी असलेली सायकलची चड्डी आणि पाण्याच्या बाटल्या यांसाठी वेगळी तरतूद करावी लागते. ही तरतूद न करता सर्व रक्कम सायकलवर खर्च केल्यास सुरक्षिततेच्या वस्तू लांबणीवर पडतात. सायकल घेतल्यानंतरच्या सुधारणांमध्ये चांगले टायर व योग्य सीट यांचा परिणाम सर्वांत आधी जाणवतो.

वापरलेली सायकल

वापरलेली सायकल घेताना नळ्यांच्या जोडांवरील चिरा, फोर्कचा वाकडेपणा, चाक फिरवल्यावर रिम डोलते का, साखळी व दात्यांची झीज, ब्रेकच्या जागी रिमवर पडलेला खोलगट पट्टा आणि हँडलच्या बेअरिंगमधील खडखड तपासली जाते. कार्बनच्या वापरलेल्या सायकलीचा पूर्वेतिहास ठाऊक नसल्यास धोका अधिक असतो. कॅसेट, साखळी व टायर एकदमच बदलावे लागणार असतील तर स्वस्त वाटणारी सायकल प्रत्यक्षात स्वस्त राहत नाही.

बैठक

बैठक जुळवण्याची सुरुवात सीटच्या उंचीपासून होते. अनवाणी उभे राहून जमिनीपासून जांघेपर्यंतचे माप घ्यावे आणि त्यास ०.८८३ने गुणावे, येणारा आकडा म्हणजे पॅडलच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, असा एक रूढ ठोकताळा आहे. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने तो प्रसिद्ध आहे. हे माप ८० सेंमी असल्यास सीटची उंची सुमारे ७०.६ सेंमी येते. दुसऱ्या पद्धतीत पॅडल सर्वांत खाली असताना गुडघ्याचा बाक २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान ठेवला जातो. दोन्ही पद्धती केवळ आरंभबिंदू देतात. त्यानंतरचे बदल एका वेळी काही मिलिमीटर इतकेच केले जातात.

शरीराच्या तक्रारींवरून बैठकीतील दोषाचा अंदाज येतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूचे दुखणे बहुधा सीट फार खाली असल्याने किंवा जड गिअर रेटल्याने होते, तर मागच्या बाजूचे दुखणे सीट फार वर असल्याने होते. सीटवर कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तरी सीट वर असण्याची शक्यता असते. करंगळी व अनामिका बधिर होणे हे तळहातातील अल्नर मज्जातंतूवर दाब पडत असल्याचे लक्षण आहे. हँडल फार खाली किंवा फार दूर असणे, सीटचे टोक खाली झुकलेले असणे आणि हाताची जागा न बदलणे ही त्याची नेहमीची कारणे होत. बधिरपणा किंवा दुखणे टिकून राहिल्यास सायकल चालवणे थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

चालवण्याचे तंत्र

पॅडल व गिअर

पॅडलच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना कॅडेन्स म्हणतात. सपाट रस्त्यावर ८० ते ९५ फेऱ्यांची गती अनेकांना मानवते. नवखे स्वार बहुधा जड गिअर घालून ५० ते ६० फेऱ्यांवर सायकल रेटतात व त्यामुळे त्यांचे पाय लवकर भरून येतात. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका केला जातो, कारण पूर्ण जोर असताना बदललेला गिअर अडकू शकतो किंवा साखळी निसटू शकते. पुढचे मोठे चेनव्हील व मागचे सर्वांत मोठे चक्र अशी साखळी तिरपी करणारी जोडी टाळली जाते.

घाट चढणे

घाट चढताना आरंभीच जोर लावणारा स्वार मध्यावर थकतो. पूर्ण चढ टिकेल असा श्रम सुरुवातीपासून राखणे हे चढाचे मुख्य तंत्र आहे. बसून चढणे कमी खर्चिक असते. मधूनमधून उभे राहिल्याने स्नायूंना पालट मिळतो. हात हँडलच्या वरच्या भागावर ठेवल्यास छाती मोकळी राहते. नागमोडी वळणाची आतली बाजू अधिक तीव्र असते, पण चढ सुसह्य करण्यासाठी रस्त्याच्या मध्याकडे सरकणे रहदारीत धोक्याचे असते.

घाट उतरणे

हौशी स्वाराची खरी कसोटी उतारावर लागते, कारण वेग मिळवण्यासाठी तेथे कोणतेही श्रम लागत नाहीत. हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवले जातात. त्यामुळे शरीराचा भार खाली येतो आणि ब्रेकवर बोटांची पकड चांगली बसते. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच कमी करावा लागतो. झुकलेल्या सायकलवर जोरात ब्रेक दाबल्यास चाक घसरते. वळताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली ठेवून त्यावर भार दिला जातो आणि नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवली जाते.

सायकल थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. मात्र तो हळूहळू दाबून शरीर मागे सरकवावे लागते. पुढच्या ब्रेकचा दांडा काही सायकलींत उजवीकडे तर काहींत डावीकडे असतो. त्यामुळे नवी सायकल घेतल्यावर ही बाब सपाट, मोकळ्या जागी तपासली जाते. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी ठरावीक अंतराने ठामपणे दाबून सोडल्यास रिम किंवा डिस्कला थंड होण्यास अवधी मिळतो. वेगात सायकल थरथरू लागल्यास हँडल घट्ट आवळू नये. गुडघे वरच्या नळीला टेकवून वेग हळूहळू कमी करावा.

गटात चालवणे

दुसऱ्या सायकलच्या मागे राहिल्यास हवेचा विरोध लक्षणीय प्रमाणात कमी होतो. याचा लाभ घेताना पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक आडवे लागू न देणे हा पहिला नियम आहे. अशी घासण झाली तर बहुधा मागचा स्वार पडतो. खड्डे, खडी व थांबणे यांची सूचना हाताने व आवाजाने मागे दिली जाते. अनपेक्षित ब्रेक, अचानक बाजू बदलणे आणि हँडलवरील लांब एरो दांड्यांवर कोपर टेकवून चालवणे या गोष्टी गटात वर्ज्य मानल्या जातात.

सराव, आहार व पाणी

आठवड्यात तीन ते चार दिवस नियमित चालवणे हे महिन्यातून एकदाच फार लांब जाण्यापेक्षा अधिक उपयोगी असते. बहुतेक सराव ज्यात सोबत्याशी सलग बोलता येते अशा सौम्य श्रमाचा असतो. त्यात एखादा दिवस चढ किंवा वेगाचा आणि एक दिवस लांब पल्ल्याचा ठेवला जातो. साप्ताहिक अंतर थोडेथोडे वाढवत नेतात आणि काही आठवड्यांनी एक हलका आठवडा घेतात. झोप अपुरी असणे, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद असणे व चालवण्याची इच्छा न होणे ही अतिश्रमाची चिन्हे असू शकतात.

एक तासाहून अधिक काळ चालवताना ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेण्याची शिफारस केली जाते. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू व गूळपोळी हे पदार्थही खिशात नेता येतात. भूक लागण्याची वाट पाहिल्यास शरीरातील साखर अचानक कमी होऊन हातपाय गळतात. उष्ण हवेत घामावाटे पाण्यासोबत क्षारही जातात. अनेक तास केवळ साधे पाणी भरपूर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. म्हणून लांब प्रवासात मीठ-साखर-लिंबाचे सरबत किंवा क्षारयुक्त पेय घेतले जाते.

सुरक्षितता व देखभाल

निघण्यापूर्वी टायरमधील हवा, दोन्ही ब्रेक, चाकांच्या खिट्ट्या आणि साखळी यांची तपासणी एका मिनिटात होते. सोबत जादा ट्यूब, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, पंप, पॅच, षट्कोनी पान्यांचा संच व ओळखपत्र ठेवले जाते. पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा वा काच शिल्लक नाही याची खात्री केली जाते. अन्यथा दुसरी ट्यूबही लगेच पंक्चर होते.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवल्यास तुटलेली किनार, खडी व अचानक उघडणारे मोटारींचे दरवाजे यांचा धोका असतो. म्हणून कडेपासून थोडे अंतर राखून सरळ रेषेत चालवणे अधिक सुरक्षित मानले जाते. पावसाळ्यात शेवाळ, रंगवलेले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि पहिल्या सरीने वर आलेले तेल यांवर टायर घसरतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नसल्याने त्यातून जाणे टाळले जाते.

साखळी पुसून तिला बेताने तेल देणे ही देखभालीतील सर्वांत मोलाची सवय होय. झिजलेली साखळी लांबते व कॅसेटचे दाते खाते. ११ व १२ चक्रांच्या कॅसेटवर साखळीची लांबी ०.५ टक्का वाढल्यावर आणि त्याहून कमी चक्रांच्या कॅसेटवर ०.७५ टक्के वाढल्यावर ती बदलण्याचा प्रघात आहे. वेळेवर बदललेली साखळी कॅसेट व चेनव्हील यांचा बराच मोठा खर्च वाचवते.

महाराष्ट्रातील रोड सायकलिंग

सह्याद्रीतील घाटांमुळे महाराष्ट्रातील रोड सायकलिंगला चढ-उताराचे विशेष स्वरूप लाभले आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यत ही राज्यातील जुन्या व प्रतिष्ठेच्या शर्यतींपैकी एक असून तिच्या मार्गातील बोरघाटाचा टप्पा निर्णायक ठरतो. घाटात प्रथम येणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरवले जाते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई आहे.

शर्यतीबाहेरील दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ब्रेव्हे हा प्रकार मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत रुजला आहे. फ्रान्समधील ओडाक्स क्लब पारिझियाँ या संस्थेच्या नियमांनुसार २०० किमीसाठी १३.५ तास, ३०० किमीसाठी २० तास, ४०० किमीसाठी २७ तास आणि ६०० किमीसाठी ४० तास मुदत असते. ब्रेव्हेत क्रमांक दिले जात नाहीत. २०० किमीच्या मुदतीत दीड तास विश्रांतीचा धरला तरी चालवतानाची सरासरी ताशी सुमारे १७ किमी राखणे पुरेसे असते. त्यामुळे वेगापेक्षा बैठक, गिअर, खाणे-पिणे व पंक्चर काढण्याचे कौशल्य यांवर यश अवलंबून राहते आणि हौशी सायकलस्वार ब्रेव्हेकडे प्रगतीचा टप्पा म्हणून पाहतात.

अमेरिकेचा पश्चिम ते पूर्व किनारा ओलांडणारी, सुमारे ४,८०० किमीची रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाद्वारे पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकल गटात पूर्ण केली. पुणे ते गोवा या मार्गावरील डेक्कन क्लिफहँगर ही शर्यत या अमेरिकन शर्यतीची पात्रता फेरी म्हणून ओळखली जाते. नाशिकहून पंढरपूरपर्यंत काढली जाणारी सायकल वारी हे स्पर्धेशी संबंध नसलेल्या सामूहिक सायकलिंगचे उदाहरण आहे. तीत रोड बाईकसोबत साध्या सायकलीही धावतात.